वीकेंड मंडळातली जुळणी

माझा भाऊ भावेश वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी बोलायला लागला, असं आमची आई सगळ्यांना सांगते. तसा तो मुका वगैरे कधीच नव्हता. पण चार माणसांत सोडलं की भिंतीला टेकून उभा राहायचा आणि कोणी काही विचारलंच तर "हो" नाहीतर "बघू" म्हणायचा. मशीनच्या पार्टची ड्रॉइंग करायची नोकरी, तीही घरून. ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या घराच्या पोटमाळ्यावर त्याचं ऑफिस. सकाळी शिडी चढायचा, आईने हाक मारली की जेवायला उतरायचा, परत चढायचा. कॉलेजातले मित्र पुण्याला, बंगलोरला गेलेले. कोळीवाड्यातली त्याच्या वयाची पोरं नाक्यावर उभी असायची, पण हा त्यांच्यातही नाही.

आई मार्केटात मासळी विकते. बाबांची, म्हणजे दामाजींची, होडी अजून खाडीला बांधलेली आहे. पण खाडीत आता पूर्वीसारखं काही मिळत नाही म्हणून ते एका शाळेची बस चालवतात. दोघंही तोंडाने खणखणीत. त्यांच्या पोटी हा असा कसा जन्मला, याचं आईला कायम कोडं.

त्याला वीकेंड मंडळात नेलं ते मी.

माझी नोकरी माजिवड्याला, एका कंपनीत अकाउंट्सला. तिथे हेमांगी भेटली. डोंबिवलीची, दुसऱ्या डिपार्टमेंटची, आणि ओळख नसताना डब्यातलं वाढून देणारी. माजिवड्याच्या उंच बिल्डिंगांमध्ये नागपूरची, सांगलीची, इंदूरची पोरं-पोरी भाड्याने राहतात. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण आहे हे त्यांना माहीत नसतं. त्यातलीच एक ताप येऊन चार दिवस एकटी पडून होती, हे हेमांगीला नंतर कळलं आणि ते तिच्या मनाला फार लागलं. तेव्हा तिने आणि तिच्या शाळेतल्या मित्राने, अपूर्वने, हे मंडळ काढलं. अपूर्व वकील. तोही डोंबिवलीचाच, आणि कोर्टात जेवढा बोलतो त्याच्या दुप्पट बाहेर.

मंडळाचा नियम एकच. एक रविवार मजेचा, एक रविवार कामाचा. मजेच्या रविवारी येऊरला चालायला जायचं, नाहीतर कोणाच्या तरी घरी पत्ते, बोर्ड गेम, भेळ. कामाच्या रविवारी झाडं लावणं, मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, जे जमेल ते. ज्याला फक्त मजाच हवी त्याला हेमांगी गोड शब्दांत बाहेरचा रस्ता दाखवायची. आमचे नातेवाईक हसायचे. "पोरापोरींना एकत्र जमवायचं आणि नाव समाजसेवेचं! लग्नं जुळवायचा धंदा आहे नुसता," असं आमच्या मावशीने एकदा सरळ तोंडावर सांगितलं. मला तेव्हा राग आला होता.

भावेश पहिल्यांदा आला तो मोहन्याला. तिथल्या एका शाळेत रिकाम्या खोलीची लायब्ररी करायची होती. मी त्याला "सामान उचलायला माणूस कमी आहे" असं खोटं सांगून नेलेलं. सगळे रंगवायला लागले आणि हा नेहमीसारखा भिंतीशी. हेमांगीने त्याच्या हातात ब्रश दिला आणि म्हणाली, "ही भिंत तुझी. काय पाहिजे ते काढ, मी विचारणार नाही."

त्याने खाडी काढली. डोलकाठ्या, जाळी, चिखलातले बगळे, पलीकडची कांदळवनं. शाळेतली पोरं मागे गोळा झाली. "काका, हा मासा कोणता?" "हे काय लटकलंय?" आणि माझा भाऊ, ज्याने आयुष्यात एका दमात तीन वाक्यं बोलली नव्हती, तो त्यांना चिखलात सरपटणारी निवटी कशी पकडतात ते हातवारे करून सांगत होता. परत येताना अपूर्व मला म्हणाला, "तुझा भाऊ बोलत नाही म्हणालेलीस ना? मला तर मधे बोलायला चान्सच दिला नाही त्याने!"

त्यानंतर त्याला न्यावं लागलं नाही. तोच मला उठवायचा.

अशाच एका मजेच्या रविवारी हेमांगीने एक पाहुणी आणली. अमृता वैती नाव. रक्ताच्या आजारांसाठी स्टेम सेल दान करणाऱ्यांची नोंदणी करणाऱ्या एका संस्थेत ती काम करायची. तीही आमच्यासारखीच कोळ्यांची, डोंबिवलीच्या मोठागावची. तिने थोडक्यात समजावलं. काही आजारांत माणसाचं स्वतःचं रक्त तयार होणंच बिघडतं. मग दुसऱ्याच्या शरीरातल्या मूळ पेशी द्याव्या लागतात, पण त्या जुळाव्या लागतात, आणि भावंडांच्यातही दर वेळी जुळत नाहीत. हजारो परक्यांमधून एखादाच सापडतो. म्हणून आधी नोंद करून ठेवायची. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, बास.

कॅरमच्या खेळात मधेच थांबून सगळ्यांनी काड्या फिरवल्या. अपूर्व म्हणाला, "माझं कोणाशीच जुळत नाही, घरच्यांनी पत्रिका दाखवून पाहिल्यात." सगळे हसले. अमृताही हसली, पण मग म्हणाली, "नुसती गंमत म्हणून देऊ नका हां. फोन आला आणि तुम्ही नाही म्हणालात, तर तिकडे कोणीतरी आशेवर असतं." भावेशने हातातली काडी खाली ठेवली, एक मिनिट विचार केला, आणि मग उचलली. मी पाहिलं ते. त्याचं लक्ष अमृताकडे होतं, हेही पाहिलं.

पुढची गोष्ट मावशीच्या म्हणण्यासारखीच झाली, ते मला मान्य करायलाच हवं. अमृता मंडळात यायला लागली. दोघं कामाच्या रविवारी एकत्र आणि मजेच्या रविवारी शेजारी. वर्ष दीड वर्षाने त्याने आईला सांगितलं. आईने कुळ, गाव, घर विचारलं, मोठागावला जाऊन आली, आणि परत येऊन म्हणाली, "पोरीला बोंबील साफ करता येतात. माझी काय हरकत नाय." साखरपुड्याची तारीख ठरली. आईने मार्केटातल्या सगळ्या बायकांना आमंत्रण देऊन टाकलं.

आणि त्याच महिन्यात भावेशला फोन आला.

त्याची जुळणी झाली होती. कोणाशी, ते सांगत नाहीत. एवढंच कळलं की मुलगी आहे, शाळकरी, आपल्याच देशातली, आणि तिच्याकडे फार वेळ नाही. आणखी एक रक्ताची तपासणी करून पक्कं ठरवायचं होतं. फोन दुसऱ्याच कोणीतरी केलेला. अमृताला नियमाने यातलं काही कळत नसे. भावेशने आधी तिला सांगितलं, मग मला. त्याचा आवाज बदललेला. "मेघा," तो म्हणाला, "एवढ्या लोकांमधून माझंच निघालं गं." लॉटरी लागलेला माणूस बोलतो तसं बोलला.

तपासणी पक्की आली. मग आईला सांगायची वेळ आली.

आई चुलीजवळ... म्हणजे गॅसजवळच, पण आमच्यात अजून चूलच म्हणतात... कालवण ढवळत होती. भावेशने शांतपणे सगळं सांगितलं. काही दिवस इंजेक्शनं, मग एका हातातून रक्त काढून मशीनमधून फिरवतात, हव्या त्या पेशी बाजूला काढतात आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. आईने पळी खाली ठेवली.

"नाय," ती म्हणाली.

"आई, ऐकून तर घे."

"ऐकला. नाय म्हणजे नाय. हाडातला काढून देनार? साखरपुडा तोंडावर आलाय. मना विचारल्याबिगर तू असा कबूल केलास कवा?"

"हाडात सुई घालत नाहीत आता. रक्तासारखंच—"

"रामाला पन असाच सांगितलेला!"

रामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. अपेंडिक्स फुटल्यावर त्याला हॉस्पिटलात नेलेलं, फार उशीर झालेला. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं होतं. "दोन दिवसांत घरी येतो," असं तो तिला सांगून गेला आणि आला नाही. आमच्या घरात तेव्हापासून हॉस्पिटल हा शब्द आईसमोर जपून काढायचा असतो. बाबांनी भावेशला डोळ्यांनीच खुणावलं, आत्ता गप्प बस.

तो गप्प बसला, पण फोन करून नाहीही म्हणाला नाही. दोन दिवस घरात नुसती भांडी वाजत होती. मी हेमांगीला सांगितलं.

ती आणि अपूर्व शनिवारी आले. आईने रीतीप्रमाणे ताटं वाढली. अपूर्वच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही हे मी सांगायच्या आत त्याच्यापुढे कोलंबीचं कालवण आलं. त्याने ताटाकडे पाहिलं, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि निमूटपणे भात कालवला. आजपर्यंत त्याने हे आपल्या घरी सांगितलेलं नाही. आता मात्र तो येताना फोन करून विचारतो, "काकू, आज काय आणलंय?"

जेवण झाल्यावर हेमांगी आईच्या शेजारी खाली बसली. मला वाटलं, ती समजावेल, आकडे सांगेल, मोबाईलवर काही दाखवेल. तिने तसं काही केलं नाही.

"काकू, तुम्हाला नको असेल तर नको म्हणा," ती म्हणाली. "भावेश नाही म्हणाला तर कोणी त्याला बोल लावणार नाही. आम्ही तर नाहीच. पण नाही म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा. पुढे त्या मुलीचं स्वतःचं रक्त तयार होणं औषधं देऊन पूर्ण बंद करतात, याचं आत घालायला जागा व्हावी म्हणून. ते केल्यावर हा मागे फिरला, तर तिच्याकडे काहीच उरत नाही."

आई तिच्याकडे वळली. "म्हंजे तिची मानसा याच्या भरवशावर तिला तशी करनार?"

"हो."

"ओलख नाय, पालख नाय?"

"काहीच नाही."

आईने पदराने हात पुसले. मग म्हणाली, "तुमच्या डॉक्टरला मना भेटायचाय. पोरांचा बोलना मी धरत नाय."

सोमवारी तिने मार्केटला सुट्टी घेतली. आईने मार्केटला सुट्टी घ्यायची म्हणजे घरात लग्न किंवा मयत. ठेवणीतलं लुगडं नेसली, गळ्यात सगळे दागिने घातले, अंबाड्यात फूल माळलं, आणि मुंबईच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांसमोर अशी बसली की डॉक्टरच जरा सावरून बसल्या. बाई होत्या, आईहून थोड्या लहान. आईने विचारायला सुरुवात केली. बेशुद्ध करणार का? नाही. हाड कापणार का? नाही. काढलेलं परत भरून येतं का? थोड्याच दिवसांत. नंतर पोरं होतील का? डॉक्टर हसल्या नाहीत. "त्याचा याच्याशी काही संबंध नाही," असं नीट सांगितलं.

"आनि कोनाला काय झालाच नाय आतापरयंत?"

"अंग दुखतं, ताप येतो, थकवा येतो. ते बहुतेकांना होतं. त्याहून जास्त फार क्वचित. पण कधीच काही होत नाही असं मी तुम्हाला सांगणार नाही. म्हणून तर आधी त्याची सगळी तपासणी करतो. जरा जरी शंका आली तर आम्हीच नको म्हणतो."

या उत्तरावर आई उठून जाईल असं मला वाटलं. उलट ती मागे टेकून बसली. नंतर बाहेर आल्यावर म्हणाली, "रामाच्या वेलेला सगले काय नाय काय नाय बोलत व्हते. ही बाय खरा बोलली."

पण हो मात्र ती अजून म्हणाली नव्हती. "बघू," एवढंच. लेकाचा शब्द तिने उसना घेतलेला.

भावेशच्या तपासण्या सुरू झाल्या. हृदय, फुप्फुसं, यकृत, रक्त, सगळं. आई प्रत्येक वेळी बरोबर. आणि त्याच आठवड्यात मोठागावहून अमृताच्या वडिलांचा फोन आला. अमृताने घरी सांगितलेलं होतं, तिने लपवायचं काही कारणच नव्हतं. फोन आईने घेतला आणि, तिच्या सवयीप्रमाणे, स्पीकरवर.

"मंजुळाबाय, राग नका मानू," ते म्हणाले. "आमच्याकडं चार मानसा बोलतात. पोराच्या अंगातला काय काय काढनार, मंग तो धड राहतो का नाय... आमचा म्हनना, साखरपुडा जरा पुढं ढकलू. हे होऊ दे, पोराची तब्येत बघू, मंग ठरवू."

मी भावेशकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला. बाबांनी बसच्या किल्ल्या हातात घट्ट धरल्या. आणि आई... आई जी गेले कित्येक दिवस हेच सगळं आम्हाला ऐकवत होती, ती ताठ झाली.

"तब्येत बघू म्हंजे?" ती म्हणाली. "काय बघताय? मी बघून आलंय. माझ्या पोराचा कालीज तपासला, फुपुस तपासला, रगत धा वेला तपासला. मोठमोठ्या डॉक्टरांनी. एका ठिकानी एवढीशी खोट नाय निघाली! असा तपासलेला नवरा तुमाला अख्ख्या ठाने जिल्ह्यात दुसरा गावनार हाय काय? आनि देवाने एवढ्या लोकांतशी त्याचाच रगत निवडला, तो काय उगाच? तारीख ढकलायची तर ढकला. पन माझा पोरगा ते काम करनार, आनि मी त्याच्या बाजूला बसनार!"

फोन ठेवून तिने आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून उभे.

"काय बघताय? पाटावर बसा. जेवायचा नाय काय?"

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. भावेश उठला आणि आईला मिठी मारून उभा राहिला. आईने त्याला ढकललं, "सोड रे, हाताला मसाला हाय," आणि मग त्याच मसाल्याच्या हाताने त्याच्या पाठीवर थोपटलं. तो शर्ट त्याने अजून टाकलेला नाही.

इंजेक्शनं सुरू झाली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कंबर, मग पाठ, मग मांड्या. "आतून कोणीतरी दार ठोठावतंय असं वाटतंय," भावेश म्हणाला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हाडांच्या आत नव्या पेशी भरभरून तयार होतात, त्यामुळे दुखतं. तरी त्याला शिडी चढवेना. ऑफिस खाली आलं.

मंडळाने तेव्हा जे केलं ते मी विसरणार नाही. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. एकाने गाडी आणून हॉस्पिटलला नेलं, दुसऱ्याने आणलं. सांगलीचा एक जण ऑफिस सुटल्यावर कोपरीला उतरून तासभर नुसता बसून जायचा. जिच्या तापाची गोष्ट ऐकून मंडळ निघालं, ती इंदूरची मुलगी, श्रिया, घरून पोहे करून आणायची आणि आई तिला डबा रिकामा परत नेऊ द्यायची नाही. दुपारी आमच्या ओटीवर लुडो चालायचा. भावेश कण्हत कण्हत सोंगट्या मारायचा. आजूबाजूच्या घरांतून बायका डोकवायच्या, "मंजुळा, काय गं, लगीन हाय काय घरात?" आई सांगायची, "लगीन मागून. आधी मोठा काम हाय." आणि मग ओटीवर बसून सगळं समजावायची, कुठून काढतात, कसं काढतात, काय होत नाही. डॉक्टरबाईंचे शब्द, आईचा आवाज.

द्यायच्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो. त्या मुलीची पुढची औषधं आधीच देऊन झालेली, म्हणजे आता मागचा रस्ता नव्हता, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. भावेशला पलंगावर आडवं केलं. दोन्ही हातांत सुया. मशीन फिरायला लागलं. हात हलवायचे नाहीत, म्हणून नाकाला खाज सुटली तरी आई खाजवायची. तासामागून तास. त्याचे ओठ बधिर झाले तेव्हा नर्सने औषध दिलं आणि ते होतंच म्हणाली. आई त्या वेळी मात्र देवाचं नाव घेत होती, ओठ न हलवता. मला कळलं, कारण तिची बोटं हलत होती.

जेवायच्या वेळी दार उघडलं आणि अमृता आली. हातात डबा. तिच्यामागे तिचे वडील, टोपी हातात.

"काकी, मी रजा टाकलीये आज," अमृता म्हणाली. "संस्थेतली म्हणून नाही आले."

ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला बसली आणि भावेशला घास भरवायला लागली. तिच्या वडिलांनी मशीनकडे पाहिलं, नळ्यांकडे पाहिलं, मग भावेशकडे. त्याला विचारलं, "दुखतंय काय रं?"

"नाय मामा. आता कायच नाय."

त्यांनी टोपी परत डोक्यावर चढवली. मग आईला म्हणाले, "मंजुळाबाय, साखरपुडा हाय त्याच तारखेला करायचा. चार मानसांना काय सांगायचा ते मी सांगतंय."

आईने मान हलवली. मोठेपणा देण्याच्या बाबतीत तिचा हात तेव्हा जरा आखडलेला होता, पण स्टूल मात्र तिने त्यांच्याकडे सरकवलं.

संध्याकाळी मशीन थांबलं. नर्सने पिशवी वर धरून दाखवली. एवढीशी पिशवी, आत कोकमाच्या सारासारखा रंग. आई पुढे झाली. "एवढाच?"

"एवढंच, आजी," नर्स म्हणाली. "पण भरपूर आहे. चांगलं आलंय."

एक माणूस थंड पेटी घेऊन आला. पिशवी आत गेली, कागदांवर सह्या झाल्या, आणि तो झपाझप चालत निघाला, विमान गाठायचं होतं त्याला. कुठलं, ते कोणी सांगितलं नाही. आई त्याच्यामागे लिफ्टपर्यंत गेली. लिफ्टचं दार लागताना तिने त्या पेटीला हात जोडले. मी आईला देवळाशिवाय कुठे असे हात जोडताना कधी पाहिलेलं नव्हतं.

साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. भावेश थोडा वाळलेला दिसत होता, एवढंच. लग्न दिवाळीनंतर. वऱ्हाडात वीकेंड मंडळाची एक अख्खी रांग होती, आणि अपूर्व कोळी गाण्यांवर असा नाचला की मोठागावच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं.

त्या मुलीचं कळायला बरेच महिने गेले. मधे एकदा फक्त "पेशी धरल्या", म्हणजे तिच्या अंगात त्या रुजल्या, एवढा निरोप आलेला. मग एक दिवस फोन आला तेव्हा भावेश ओटीवरच बसलेला होता. त्याने ऐकलं, "थँक्यू" म्हणाला, फोन ठेवला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघतोय. जुन्या भावेशसारखे त्याला पुन्हा शब्दच सापडेनात.

"ती..." तो म्हणाला, "ती शाळेत जायला लागली."

बाबा उठून बाहेर गेले आणि होडीशी जाऊन उभे राहिले. आई रडली, मग डोळे पुसून मार्केटला निघाली. त्या दिवशी तिने प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं. पापलेट घ्यायला आलेल्या परक्या बाईलासुद्धा.

आणि मग तिने हेमांगीला स्वतः फोन लावला. "तुमच्या त्या काड्या घेऊन या. हिकडं, आमच्याकडं. आमच्यातल्या कोनाला लागला तर आमच्यातल्याचाच जुलन्याचा जास्त संभव, असा अमृता बोलते. मंग आमची नावा तिथं नको काय?"

कामाच्या रविवारी वीकेंड मंडळ कोपरीला आलं. देवळापुढच्या मांडवात टेबलं लावली. सुरुवातीला कोणी पुढे येईना. नाक्यावरची पोरं लांब उभी राहून एकमेकांना ढकलत होती. हेमांगी माईक घेऊन पुढे झाली, तेव्हा आईने तिच्या हातातून माईक काढून घेतला. मग बाजूला ठेवला. मार्केटात आयुष्य काढलेल्या बाईला माईक कशाला लागतो?

"ए, हिकडं या सगले!" ती म्हणाली. "भिताय कसले? काडी गालात फिरवायची. माझ्या पोराने दिला, तो बघा उभा हाय. कमी झालाय काय त्याच्यात? एक पोरगी शालेत जाते त्याच्यामुलं. कुठली, कोनाची, मना ठाऊक नाय. पन जाते. तुमच्यातल्या कोनाचा रगत असा कामाला येनार असंल, आनि तुमाला ठाऊकच नसंल, तर काय उपयोग? चला, रांग लावा!"

पोरं हसत हसत आली. रांग देवळाच्या पायरीपर्यंत गेली. आमची मावशीही तिच्या दोन मुलांना दंडाला धरून घेऊन आली, आणि मला बघून म्हणाली, "तुझ्या मंडळाचा चहा तरी दे गं." मी तिला चहा दिला. साखर जास्त घातली.

आईसुद्धा रांगेत उभी होती. तिचा नंबर आल्यावर अमृताने तिला हळूच सांगितलं की याला वयाची अट असते, आणि ती उलटून गेली आहे. आईचा चेहरा असा झाला की जणू कोणी तिच्या ताज्या मासळीला शिळी म्हटलं.

"मंग मी काय करू?" तिने विचारलं.

भावेशने कोपऱ्यातून एक खुर्ची आणली आणि मांडवाच्या तोंडाशी ठेवली. "तू इथे बस," तो म्हणाला. "कोण आत न येता पळतंय त्याच्यावर लक्ष ठेव."

आई बसली. त्या दिवशी एकही पळाला नाही.